पंखावरची खूण

जव्हारहून दाभोशाचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांची पावसाळ्यात रीघ लागते. लेंडी नदीचे पाणी सुमारे तीनशे फूट खाली कोसळताना पाहायचे, भजी खायची आणि परतायचे, हा बहुतेकांचा क्रम. परवा भर पावसात आम्हीही तेथे होतो. सर थांबेना, म्हणून परिचयातील एका शिक्षकांच्या ओसरीवर टेकलो, तो खिडकीत वीतभर लांबीचे एक विमान दिसले. मिग-२१! नववीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने परदेशी संचातून ते जुळविले होते. एकेक भाग कानशीने घासून, सांध्यांत लांबी भरून, वर अस्तराचा हात दिलेला. रंग तेवढा राहिला होता. पेटीतल्या चिकटवायच्या खुणांच्या कागदावर मात्र सोव्हिएत लाल तारा. मुलाने विचारले, "काका, आपल्या विमानावर हा तारा नव्हता ना? मग आपलं विमान दिसायचं तरी कसं?"

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची भंबेरी उडेल.

जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्यांच्या नावामागे फ्लाइट लेफ्टनंट ही पदवी लागे. त्या काळी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या हिंदी तुकड्यांच्या विमानांवर गडद व फिकट निळी वर्तुळे असत. ब्रिटिश खुणेतला लाल ठिपका तेथे मुद्दाम गाळला होता, कारण जपानी विमानांवरील लाल सूर्याशी त्याची गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्यावर चालायच्या! स्वातंत्र्यानंतर पंखांवर अशोकचक्र आले. काश्मीरच्या रणात १९४७-४८ साली टेम्पेस्ट विमाने लढली ती हेच चक्र मिरवीत. बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे, हे आजचे वर्तुळ १९५० पासूनचे. म्हणजे जेमतेम पाच-सहा वर्षांत तीन खुणा बदलल्या. त्यांतली चुकीची रंगविली, तर विमान दुसऱ्याच युद्धात जाऊन पडते.

मिगचे कोडे याहून अवघड आहे. आरंभी ही विमाने धातूच्या मूळच्या रुपेरी रंगात उडत. १९७१ चे युद्ध समोर दिसू लागले, तेव्हा तळांवर हाती लागेल त्या हिरव्या-तपकिरी रंगांनी ती घाईघाईने झाकली गेली. त्यामुळे एका तुकडीचे विमान दुसरीसारखे दिसत नसे. मिग-२१ एफएल या प्रकारात अंगची तोफही नव्हती. ती पोटाखाली वेगळी बसविली जाई. कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले गेले ते तोफेच्याच माऱ्याने. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटे डागणारीही मिगच. ही तोफ लावायची की रॉकेटे, हे ठरविताना मुलाला युद्धाचा दिवस ठरवावा लागतो, आणि दिवस ठरवायचा तर इतिहास वाचावा लागतो. आम्हाला या खेळाचे मोल वाटते ते यासाठी. एरवी इतिहास म्हणजे सनावळ्या, अशीच आमच्या शाळांची समजूत!

हे विमान आपल्याला परकेही नाही. १९६४ साली उभ्या राहिलेल्या ओझरच्या कारखान्यात ते बनत होते, आणि ओझर म्हणजे या डोंगरांपलीकडचे नाशिक. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. ज्यांनी ती विमाने जोडली, रात्री-अपरात्री रंगविली, ते हात आता पंचाहत्तरीपलीकडचे आहेत. कोणत्या तळावर कोणता रंग किती पातळ करून मारला, हे कोणत्याही सरकारी कागदात सापडायचे नाही. ते यांच्याच स्मरणात आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात प्रतिकृती बनविणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. त्या मुलांना या वृद्धांच्या घरी पाठवावे, वही घेऊन बसवावे, असे अजून कोणाला का सुचत नाही? यासाठी अनुदान लागत नाही, की मंत्र्यांची तारीखही लागत नाही.

आणि कसबाचे म्हणाल, तर ते येथे उपजत आहे. मोखाड्याच्या बोहाड्यात नाचणारी देवदेवतांची सोंगे पाहावीत. रंगाची रेघ कोठे थांबवायची, हे या मातीतल्या माणसांना शिकवावे लागत नाही.

मुलाने दोन्ही पंखांवर पेन्सिलीने वर्तुळे आखून ठेवली आहेत. हवाई दलातून निवृत्त झालेल्या, नाशिकला राहणाऱ्या एका तंत्रज्ञांचा पत्ता आम्ही त्याला दिला. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना भेटून मगच कुंचला उचलायचा, असे त्याने ठरविले आहे.