सांगलीकरहो, नाटक ऐकायला या, वाचायला या



येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आमच्या हौशी नाट्यमंडळाचा अभिवाचनांचा आणि विशेष प्रयोगांचा हंगाम सुरू होतो आहे. २७ मार्चच्या जागतिक रंगभूमी दिनापर्यंत तो चालेल. त्यासाठी तुम्ही यायला हवं, तुमचा आवाज हवा आणि तुमच्या घरात कुठेतरी बांधून ठेवलेल्या जुन्या नाट्यसंहिता हव्यात. या शेवटच्या मागणीबद्दल आधी लिहितो, कारण तिची निकड सगळ्यांत जास्त आहे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ याच गावात उभं केलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या नाटकातलं बोलणं आज कुणापाशीच नाही. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंग पाहून आपापलं गद्य जागच्या जागी बोलायची. पदं भाव्यांनी पुढे १८८५ साली ‘नाट्यकवितासंग्रहा’त छापली, म्हणून ती उरली. रावण दरबारात काय गरजला, सखी सीतेशी काय बोलली, ते ज्यांनी ऐकलं त्यांच्याबरोबरच गेलं. मराठी रंगभूमीचा जन्म जिथे झाला त्या गावाला आपल्या पहिल्या नाटकाचे संवाद माहीत नाहीत, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटते.

तेच आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडतं आहे. बँकेतले कारकून, एस.टी.तले कर्मचारी, शाळांतले शिक्षक, साखर कारखान्यांतले कामगार यांनी या जिल्ह्यात वर्षानुवर्षं नाटकं लिहिली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी लिहिली, गणेशोत्सवासाठी लिहिली, कामगार कल्याण केंद्रांच्या मंचावर केली. त्यांतली बहुतेक छापलीच गेली नाहीत. चार-पाच सायक्लोस्टाइल प्रती निघायच्या, दोन-तीन प्रयोग व्हायचे आणि प्रती नटांच्या घरी राहायच्या. २००५ आणि २०१९च्या महापुरांत गावभागातली, खणभागातली घरंच्या घरं पाण्याखाली गेली, तेव्हा धान्य, फर्निचर यांच्याबरोबर ते कागदही गेले. त्याचा पंचनामा कुणी केला नाही. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ज्यांच्या वह्या होत्या, त्यांच्याच वाचल्या.

अशी एक प्रत आम्हाला अलीकडे मिळाली. देवलांचं ‘संशयकल्लोळ’, प्रॉम्प्टरच्या हातातलं. पानांच्या कडा तेलकट झालेल्या, समासात निळ्या पेन्सिलीच्या खुणा. फाल्गुनरावाच्या एका वाक्यापुढे लिहिलंय, ‘हशा, थांब’. आणखी दोन पानांनंतर, ‘इथे अण्णा हमखास चुकतात’. अण्णा कोण, ते आता सांगायला कुणी नाही. पण सांगलीचा प्रेक्षक कुठल्या वाक्याला हसायचा, हे त्या पेन्सिलीमुळे आज कळतं, आणि ते कुठल्याच छापील पुस्तकात मिळणार नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर फेकू नका, रद्दीत घालू नका. आम्हाला नुसता निरोप द्या. आमची दोन मुलं स्कॅनर घेऊन तुमच्या घरी येतील, तुमच्यासमोर पानं स्कॅन करतील आणि मूळ वही तिथेच ठेवून जातील. पान फाटलेलं असो, शेवटचा अंक गायब असो, चालेल. लेखकाचं नाव माहीत नसेल तरीही चालेल. त्यांतल्या निवडक नाटकांचं अभिवाचन जानेवारीत होईल. लेखक हयात असतील तर त्यांची, नसतील तर वारसांची लेखी परवानगी घेऊनच आम्ही ती वाचू. कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क घरच्यांकडे राहतात, आणि हौशी मंडळ असलो म्हणून आम्हाला त्यातून सूट नाही.

आता हंगामाविषयी. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म हरिपूरचा, १३ नोव्हेंबर १८५५चा. म्हणून १३ नोव्हेंबरला हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, ‘शारदा’चं अभिवाचन आहे. पदं गाळून, नुसतं गद्य. संगीत नाटकाच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे. तरी एकदा ऐकाच. ‘शारदा’ म्हटलं की आपल्याला पदं आठवतात आणि त्या पदांमागे देवलांचं गद्य झाकलं गेलं आहे. तालमीत आम्ही म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाची बोलणी वाचली तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या एक आजी उठून म्हणाल्या, “हा बाप पोरीचा भाव करतोय!” त्यानंतर वाचन थांबलं आणि अर्धा तास बायकाच बोलत होत्या, कुणाच्या आत्याचं, कुणाच्या आजीचं. नाटक १८९९चं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला १९२९ साली. आणि हा विषय अजूनही आपल्या जिल्ह्यातून पुरता हद्दपार झालेला नाही, हे शाळांतल्या बाईंना विचारा.

डिसेंबरात लागोपाठ दोन संध्याकाळी खाडिलकरांचं ‘बायकांचे बंड’ आणि त्याला उत्तर म्हणून गिरिजाबाई केळकरांनी लिहिलेलं ‘पुरुषांचे बंड’ वाचू. खाडिलकर आपल्या सांगलीचे, तरी या वादात आमचं मन गिरिजाबाईंकडे झुकतं. दोन्ही ऐकून तुमचं मत तुम्ही ठरवा. फेब्रुवारीत ‘संशयकल्लोळ’चे दोन विशेष प्रयोग आहेत, पूर्ण नेपथ्यासह, मिरजेच्या साथीदारांच्या ऑर्गन-तबल्यावर. मार्चमध्ये ‘कीचकवध’. १९०७ साली आलेल्या या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली. एका पौराणिक नाटकाने सरकार इतकं का हादरलं, ते मोठ्याने वाचल्यावर समजतं.

अभिवाचनांना तिकीट नाही. विशेष प्रयोगांना आहे, शंभर रुपये, विद्यार्थ्यांना पन्नास. ते तिकीट कृपया काढा, पास मागू नका. चिंतामणराव १८५१ साली गेले आणि राजाश्रय सुटला, तेव्हा भाव्यांनी नाटक मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तेव्हापासून मराठी नाटक प्रेक्षकांच्या पैशावर जगत आलं आहे. आमच्यात कुणी मानधन घेत नाही. पण नाट्यगृहाचं भाडं, प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्याचा टेम्पो यांचे पैसे रोख मोजावे लागतात.

आणि वाचायला या. अभिनय येत नाही म्हणून मागे राहू नका. अभिवाचनात संहिता हातातच असते, पाठांतर नाही, रंगभूषा नाही, वयाची अट नाही. चालत यायला त्रास होत असेल तर घ्यायला येऊ. उच्चार पुणेरी असायला हवेत असंही नाही. आटपाडीच्या, जतच्या बोलीत वाढलेल्या माणसाने शारदेचा बाप कांचनभट वाचला तर तो आम्हाला जास्त जवळचा वाटेल. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पहिल्या रांगेच्या खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. खरं तर अभिवाचन त्यांचंच आहे.

तालमी दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या नेहमीच्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात होतात. वाचायचं असेल तर सरळ तिथे या, संहितेच्या जादा प्रती ठेवलेल्या असतात. तिकिटंही तिथेच मिळतील. जुन्या वह्यांचा निरोप दसऱ्याच्या आत मिळाला तर जानेवारीच्या वाचनात त्या घेता येतील. उशीर झाला तरी कळवा, पुढच्या हंगामासाठी घेऊ.

आपले,
हौशी नाट्यमंडळाचे सर्व कार्यकर्ते, सांगली