शेवटची गाडी आणि सायंकाळचे व्याख्यान

पुढील शैक्षणिक वर्षाच्या कार्यक्रमांचा आराखडा सूचनाफलकावर लागला आहे. वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्याने, हिवाळ्यातले स्नेहसंमेलन आणि त्यातला विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम, मराठी भाषा गौरव दिनाचे व्याख्यान, अशी ती यादी आहे. यादी वाईट नाही. विषय ठरवताना कोणीतरी मनापासून विचार केलेला दिसतो. वक्त्यांची नावे अजून ठरायची आहेत. एक गोष्ट मात्र आधीच ठरून गेली आहे. प्रत्येक कार्यक्रमापुढे 'सायंकाळी ठीक ६ वाजता' असे लिहिले आहे, आणि मला जे म्हणायचे आहे ते या एका ओळीविषयीच आहे.

कला शाखेचे आपले तास सकाळी साडेसातला सुरू होतात आणि साडेबाराच्या आसपास संपतात. माझे घर महाविद्यालयापासून पाच मिनिटांच्या अंतरावर असल्यामुळे मी घरी जाते, जेवते, थोडी पडते आणि सहाला पुन्हा सभागृहात येऊन बसते. तीन वर्षांत बहुतेक सगळी व्याख्याने मी अशीच ऐकली. पण माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघीजणी आसपासच्या खेड्यांतून येतात. वर्गातल्या बहुतेक बाकांची हीच स्थिती आहे. त्यांनी साडेबारा ते सहा हा वेळ कुठे काढायचा? ग्रंथालयाची अभ्यासिका आहे, मुलींची खोली आहे, डबाही आहे. पण घरी जनावरांचे पाणी, धाकट्या भावंडांचे जेवण, कांद्याच्या दिवसांत शेतावरचे काम वाट पाहत असते. त्यातूनही एखादी थांबलीच, तर पुढे प्रश्न येतो तो गाडीचा.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आडगावाला जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ला मुक्कामी गाडी म्हणतात. ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, गावात पोहोचते आणि रात्री तिथेच राहते. चालक आणि वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपतात, आणि तीच गाडी पहाटे गावातल्या मुलांना घेऊन परत येते. आपल्या स्थानकावरून वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या या गाड्या साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान सुटतात. ती चुकली की वडाप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि अंधार पडल्यावर ते भरतही नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण सुटून गेलेल्या गाडीत सवलतीचा उपयोग नाही. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला एस.टी.चा संप ज्यांनी खेड्यात राहून पाहिला, त्यांना गाडी आणि शिक्षण यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता सभागृहात काय घडते ते पाहू. 'ठीक ६' मधला 'ठीक' हा शब्द मराठी भाषेतला सर्वांत बेभरवशाचा शब्द असावा. सहाला खुर्च्या मांडणे चालू असते. सव्वासहाला पाहुणे प्राचार्यांच्या दालनात चहा घेत असतात. साडेसहाला सर्व मंडळी व्यासपीठावर येतात. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. ज्याचा सत्कार राहून गेला अशा एखाद्या मान्यवराची आठवण ऐन वेळी होते, आणि त्याच्यासाठी पुष्पगुच्छ शोधण्यात आणखी पाच मिनिटे जातात. पाहुणे ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून घसा साफ करतात, नेमकी तीच वेळ मागच्या रांगांतील मुलामुलींनी दप्तरे उचलण्याची असते.

म्हणजे आपल्या महाविद्यालयात असा एक मोठा विद्यार्थिवर्ग आहे, ज्याने तीन वर्षांत पाहुण्यांचे कितीतरी परिचय ऐकले आणि व्याख्यान एकही ऐकले नाही. पाहुणे कुठे जन्मले, त्यांची किती पुस्तके प्रसिद्ध झाली, त्यांना कोणकोणते पुरस्कार मिळाले हे त्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना काय सांगायचे होते, तेवढे तेवढे ठाऊक नाही.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्या मुलांची जी अवस्था होते ती हसण्यासारखी नाही. सूत्रसंचालक आधीच बजावतो, की कार्यक्रम संपेपर्यंत कोणीही उठू नये. उठणाऱ्याकडे सारे सभागृह वळून पाहते. दुसऱ्या दिवशी एखाद्या तासाला 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची अनास्था' हा विषय निघतो. आणि ज्यांच्याविषयी तो निघतो ती मुले मान खाली घालून ऐकत राहतात, कारण 'सर, आमची गाडी होती' हे उत्तर सबबीसारखे वाटते, असे त्यांना स्वतःलाच वाटू लागलेले असते. मुलींची गोष्ट तर याहून कठीण. एखादी मुलगी एक दिवस अंधारात घरी पोहोचली, तर तिच्या घरचे कदाचित काही म्हणणारही नाहीत. पण पारावरची माणसे म्हणतात. दोनदा असे झाले की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. एका व्याख्यानासाठी सगळे शिक्षणच पणाला लावायचे, हा सौदा कोणती शहाणी मुलगी करील?

सायंकाळची वेळ ही काही देवाने नेमून दिलेली नाही. ही प्रथा आली कुठून ते आठवून पाहावे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभेची ही व्याख्यानमाला आजही भर उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत भरते, आणि भरते ती सायंकाळी. उन्हाळ्याच्या सुटीत, ऊन कलल्यावर, पेठांमधून चालत येऊन चालतच घरी जाऊ शकणाऱ्या श्रोत्यांसाठी याहून सोयीची वेळ कोणती? त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला रात्रीच सवड मिळते, म्हणून ती शाळा रात्रीची होती. या दोन्ही उदाहरणांत ऐकणारा कोण हे आधी पाहिलेले दिसते, आणि घड्याळ नंतर. आपण मात्र त्यांच्याकडून घड्याळ तेवढे उचलले. २०१४ पासून आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या सावित्रीबाईंच्या शाळेची वेळ कोणी ठरवली असेल, याचा विचार आपल्या सांस्कृतिक समितीने एकदा करायला हरकत नाही.

माझ्या म्हणण्याचा पुरावा आपल्याच महाविद्यालयात आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. तिचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. तिथेही व्याख्यान असतेच. पण ते रात्रीची जेवणे उरकल्यावर, साडेआठ-नऊला, शाळेच्या पटांगणात असते. हरिनाम सप्ताहातले कीर्तन याच वेळेला असते, त्यामुळे गावाला ती वेळ अंगवळणी पडलेली आहे. बायका लेकरे घेऊन येतात, म्हातारी माणसे घोंगडी टाकून बसतात. वक्त्याने जमिनीच्या कायद्याविषयी बोलावे आणि एखाद्या आजोबांनी मध्येच थांबवून 'मग आमच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिलंच पाहिजे का?' असे विचारावे, हे मी त्या पटांगणात पाहिले आहे. आपल्या सभागृहात असा प्रश्न कधी आला? इथे शेवटी 'कोणाला काही शंका असल्यास' असे विचारले जाते तेव्हा उरलेले असतात ते गावातले निवृत्त शिक्षक, दोन-तीन वकील, वसतिगृहातली मुले आणि माझ्यासारख्या जवळ राहणाऱ्या. प्रश्नही आम्हीच विचारतो, आणि तेच तेच विचारतो. शेतकऱ्याच्या घरातला, ऊसतोडणी कामगाराच्या घरातला, धरणात जमीन गेलेल्या घरातला मुलगा जो प्रश्न विचारू शकला असता, तो त्या वेळी मुक्कामी गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला असतो.

कोणी म्हणेल, आता व्याख्यानाचे चित्रण यूट्यूबवर टाकले जाते, ज्याला हवे त्याने घरी ऐकावे. ऐकावे, अवश्य ऐकावे. पण भ्रमणध्वनीच्या पडद्याला हात वर करून थांबवता येत नाही. आणि आपल्या शेजारी बसणाऱ्या मुलीने उभे राहून मोठ्या माणसाला प्रश्न विचारला, तो माणूस अडखळला, मग विचार करून बोलू लागला, हे डोळ्यांदेखत पाहण्यात जे शिक्षण आहे ते चित्रणात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाहुणे पुण्याहून येतात, त्यांची नोकरी असते, दुपारी साडेबाराला त्यांना कसे जमावे? शिवाय बहिःशालच्या व्याख्यानांना गावातील नागरिकांनी यावे अशी अपेक्षा असते, आणि नागरिक दुकाने व कचेऱ्या सोडून दुपारी येणार नाहीत. हे खरे आहे. पहिल्या दोन रांगांत नेमाने बसणारी ही ज्येष्ठ मंडळी नसती, तर आपली कित्येक व्याख्याने रिकाम्या खुर्च्यांपुढे झाली असती. त्यांना वगळावे असे मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी एखाददुसरे व्याख्यान सायंकाळी जरूर ठेवावे. पण सगळीच त्यांच्या वेळेला का? 'बहिःशाल' या शब्दातच शाळेबाहेर जाणे आहे. दोन व्याख्याने सभागृहात झाली, तर तिसरे एखाद्या मोठ्या खेड्यात, रात्रीच्या जेवणानंतर का होऊ नये? पाहुण्यांना तिथवर नेणे अवघड नाही. येताना-जाताना त्यांची सोय करणारी मोटार आपण कुठूनही मिळवतोच. आणि ज्या वक्त्याला शनिवारी सुटी असते, त्याला दुपारी बोलवायला काय हरकत आहे? जवळच्या महाविद्यालयांतले उत्तम प्राध्यापक तर दुपारी मोकळेही असतात. मात्र ते तेवढ्या लांबून येत नाहीत, म्हणून आपल्याला ते तेवढे मोठे वाटत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

खरे तर वेळेचा हा जाच एकट्या विद्यार्थ्यांनाच आहे असेही नाही. अप-डाऊन करणारे प्राध्यापक, तासिका तत्त्वावर शिकवून दुसऱ्या महाविद्यालयाकडे धावणारे तरुण शिक्षक, यांच्याही खुर्च्या सायंकाळी रिकाम्याच असतात. त्यांच्या अनास्थेविषयी मात्र कुठल्या तासाला चर्चा होत नाही.

स्नेहसंमेलनाविषयी थोडेच लिहिते, कारण तिथले दुखणे उघड आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. विविध गुणदर्शन सातला सुरू होते. एकांकिकेच्या तालमी त्याआधी महिनाभर रात्री आठ-नऊपर्यंत चालतात. मग नाटकात कोण काम करणार? तालुक्याच्या गावातली मुले, वसतिगृहातली मुले आणि दोन-चार मुली. लावणीपासून लघुनाट्यापर्यंत रंगमंचावर खेडे भरपूर दिसते. पण खेड्यातला मुलगा तिथे क्वचितच दिसतो. खेड्याची भाषा आम्ही शहरी मुले हेल काढून बोलतो आणि टाळ्या घेतो. ज्यांची ती भाषा आहे, त्यांच्याकडून सकाळच्या तासांनंतर, दुपारी एक ते तीन या वेळेत तालीम करून घेतली, तर कदाचित टाळ्या कमी पडतील, पण नाटक तरी खरे होईल. दुपारचे पत्र्याचे सभागृह तापते हे मान्य. डिसेंबरात ते इतके तापत नाही.

म्हणून छापील कार्यक्रमपत्रिका निघण्यापूर्वी काही गोष्टी करता येतील. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानांपैकी निम्मी दुपारी पाऊण वाजता ठेवावीत. ज्यांना भूक लागते त्यांनी डबा खाऊन यावे, आणि पंधरा मिनिटे त्यासाठी द्यावीत. सायंकाळी जे ठेवायचेच असेल ते साडेचारला सुरू करावे. पाहुण्यांचा परिचय पत्रिकेच्या पाठीमागे छापावा, सत्कार भाषणानंतर करावेत. ज्यांना सत्कार पाहायचे असतील ते थांबतील. सांस्कृतिक समितीत गाडीने येणारे दोन विद्यार्थी, त्यांपैकी एक मुलगी, असावीत. आणि तारीख ठरवताना पाहुण्यांच्या दैनंदिनीशेजारी एस.टी.चे वेळापत्रक उघडून ठेवावे. ते स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेले आहे. मी ते वहीत उतरवून आणले आहे.

उरले स्नेहसंमेलनाचे तीन दिवस. त्या दिवसांपुरत्या तीन मार्गांवरच्या मुक्कामी गाड्या तासभर उशिरा सोडाव्यात, अशी विनंती आगार व्यवस्थापकांना करता येईल. मुलांच्या सोयीसाठी पूर्वीही गाड्यांच्या वेळा मागेपुढे झाल्या आहेत, असे तिथले जुने वाहक सांगतात. विनंतीचा मसुदा आम्ही काहीजणींनी लिहून ठेवला आहे आणि त्याला मार्गांची व गावांची यादी जोडली आहे. त्यावर प्राचार्यांची सही आणि कार्यालयाचा जावक क्रमांक तेवढा पडायचा राहिला आहे.