गोफण खुंटीला, गलोल गंजीत

आमच्या ब्राह्मणपुरी गावात दगड भिरकावायची दोन साधनं होती आणि घरच्यांचा न्याय दोन्हींना वेगळा होता. गोफण खुंटीला मानाने टांगलेली असायची. हिवाळ्यात दादर ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे कणसांवर उतरत. तेव्हा माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या पोराचं सगळे कौतुक करत. गलोल मात्र चाऱ्याच्या गंजीत लपवावी लागे.

“फेकी दे ते! कोनाना डोया फुटी जाई!” आईचा हा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तिची भीती खोटी नव्हती. गलोलीच्या खड्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि शेजारच्यांची कौलं तर आमच्या नेमाच्या अगदी टप्प्यात होती.

तरी जीव जडला तो गलोलीवरच. गोफण मोठ्यांनी विणून हातात दिलेली. गलोल आम्ही घडवलेली. जामाच्या, म्हणजे पेरूच्या झाडावर सारख्या फाट्यांची दुबेळकी शोधण्यात दुपार जायची. ओली फांदी चुलीच्या धगीवर शेकून साल काढायची. सायकल दुकानातून फाटकी ट्यूब, चांभाराकडून चामड्याचा तुकडा. दोन्ही पट्ट्या एका मापाच्या नसल्या तर खडा हमखास बाजूला जातो, हे आम्हाला कुठल्याही पुस्तकाआधी कळलं. काळ्या मातीच्या गोळ्या आम्ही चुलीच्या राखेत भाजायचो. त्या आईला सापडल्या की पुन्हा तोच आवाज.

गोफण हजारो वर्षांची, ही रबरी गलोल त्या मानाने कालची. गंधक घालून रबर टिकाऊ आणि लवचीक करण्याच्या कृतीचं पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ साली मिळालं. डनलॉप यांचं सायकलीचं हवेचं टायर १८८८चं. सायकल खेड्यात पोचली आणि तिच्या टाकाऊ ट्यूबमधून पोरांनी स्वतःचं खेळणं काढलं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पाखरं मारण्याच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आहेच, आणि पिकावर येणारी भोरडी टोळही खाते. पण आजच्या पोरांना दुबेळकी निवडायला, पट्टी मापायला, नेम धरायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. शेताच्या मोकळ्या बांधावर पत्र्याचा डबा टांगा, पोरांना एका रेषेत मागे उभं करा आणि समोरून कुणी येत नाही ना, हे पाहायला एक मोठं माणूस ठेवा. पहिली गलोल बांधून द्यायला मी येतो.