बोटाचा अपघात कोणत्या वहीत लिहायचा?

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यात ‘गंभीर शारीरिक इजा’ म्हणजे काय, हे स्पष्ट सांगितले होते. डोळा जाणे, ऐकू येणे बंद होणे, अवयव कायमचा निकामी होणे हे त्यात होतेच. शिवाय हाताच्या किंवा पायाच्या बोटाचे एखादे पेर मोडले, तरी कायद्याच्या लेखी ती गंभीर इजाच ठरे. अशी इजा झाली की खाणमालकाने ती वर कळवायची आणि नोंदवहीत लिहायची. हाड शाबूत आहे, पण जखमेमुळे माणूस ७२ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर तीही नोंदवण्याजोगी इजा असे.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या खदानीत घणाखाली बोट सापडते, तेव्हा यातले काय होते? बहुतेक वेळा चिंधी बांधली जाते, हळद दाबली जाते, फार तर बाजाराच्या गावी नेऊन टाके घातले जातात. मुकादमाने औषधाला दिलेले पैसे पुढच्या हिशेबात ‘उचल’ म्हणून वळते होतात. वहीत काहीच येत नाही. वहीत नाही म्हणून सरकारदरबारी अपघात नाही, आणि अपघातच नाही म्हणून भरपाईही नाही.

हा भाग सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा आहे. बसाल्टचा एक घनफूट तुकडा सुमारे ८० किलो भरतो. भातसा, तानसा, मोडकसागर या धरणांमुळे मुंबईला पाणी देणारा तालुका म्हणून शहापूर सर्वांना माहीत आहे. कल्याण-बदलापूरच्या इमारतींसाठी, रस्त्यांसाठी, महामार्गांसाठी लागणारी खडी, डबर आणि मुरूमही ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतूनच उचलला जातो. हा माल मोजायचे माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट. सरकारचे स्वामित्वधन ब्रासवर ठरते, ट्रकचे भाडे ब्रासवर ठरते आणि पुष्कळ ठिकाणी मजुरीही ब्रासवरच ठरते.

पोकलेन आणि क्रशर आल्यापासून खदानीतले हातकाम संपले, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात सुरुंगाने सुटलेला मोठा दगड ब्रेकरला नीट लागत नाही, तेव्हा त्याला घण आणि पाचर लागते. बांधकामाची खांडकी छिन्नी आणि सुतकीने घडवली जाते. डबर हातानेच ट्रकमध्ये चढतो. क्रशरच्या जबड्यात दगड अडकला की तो पहारीने मोकळा करायला माणूसच वाकतो. यंत्र जिथे अडते किंवा परवडत नाही, तिथे हात पुढे होतो.

इजा कशी होते, हे नीट पाहिले तर तिच्यामागे नशिबाचा भाग फार थोडा दिसतो. छिन्नीच्या डोक्यावर घणाचे घाव बसून बसून लोखंड कडेने अळंबीसारखे पसरते. त्या पसरलेल्या कडेचा कण पुढच्या एखाद्या घावाबरोबर उडतो आणि तो बंदुकीच्या छऱ्याच्या वेगाने येतो. घणाचा दांडा उन्हाळ्यात सुकून सैल होतो, पाचर निघते आणि घणाचे डोके समोर छिन्नी धरून बसलेल्या जोडीदाराच्या दिशेने सुटते. हा जोडीदार पुष्कळदा बायको किंवा भाऊ असतो. त्याची बोटे घावापासून वीतभर अंतरावरही नसतात. पहारीवर जोर देताना दगड अचानक सरकला तर पहार उलटते आणि मनगट किंवा जबडा फोडते. डबर चढवताना दोघांपैकी एकाचा हात आधी सुटला, तर दुसऱ्याची बोटे दगड आणि ट्रकचा फाळका यांच्यात चेपतात.

यावरचे उपायही जुने आणि स्वस्त आहेत. छिन्नीचे पसरलेले डोके आठवड्यातून एकदा घासून सरळ करणे, दांड्याची पाचर रोज सकाळी तपासणे, छिन्नी हाताऐवजी लांब सांडशीत धरणे, डोळ्यांवर शंभर-दोनशे रुपयांचा चष्मा घालणे. पूर्वी खदानीच्या वस्तीवर लोहाराची भट्टी असे आणि छिन्न्या शेवटायला, म्हणजे तापवून धार काढायला, तिथे जात. आता ग्राइंडर मिळतो, पण तो कामावर ठेवायचा कुणी, हा प्रश्न आहे. कारण हत्यारे मालकाची नसतात. घण, सुतकी, छिन्नी मजूर स्वतःच्या पैशाने घेतो. ब्रासवर काम करणाऱ्याला छिन्नी घासण्यात गेलेला अर्धा तास मजुरीतून वजा होताना दिसतो.

डोळ्याच्या जखमेबद्दल वेगळे सांगायला हवे. लोखंडाचा बारीक कण बुबुळ भेदून आत जातो तेव्हा बाहेर दिसणारी जखम टाचणीच्या टोकाएवढी असते. डोळा थोडा लाल होतो, पाणी येते, दिसतही असते. कुणीतरी पदराच्या टोकाने किंवा काडीने कचरा काढायचा प्रयत्न करते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड गंजू लागते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दृष्टिपटल निकामी करते. तोवर घाव कुठल्या दिवशी बसला हेही आठवत नाही. म्हणून लोखंडावर लोखंड मारताना डोळ्यात काही गेले, तर डोळा न चोळता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे. तुटलेल्या बोटाचेही तसेच. तो तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. काही तासांत सूक्ष्मशस्त्रक्रिया झाली तर बोट पुन्हा जोडता येते. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त थांबवून, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन पुढे पाठवता येईल. पण त्यासाठी कामावर गाडी हवी आणि तिचे भाडे कुणी द्यायचे, हे आधी ठरलेले हवे.

खदानीत राबणारी माणसे दोन प्रकारची. एक, पिढ्यान्‌पिढ्या दगडावर काम करणारे वडार आणि परजिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेले मजूर. दुसरे इथलेच ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. ते पावसाळ्यात भाताच्या खाचरात असतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर, खदानीवर किंवा रस्त्याच्या कामावर जातात. महाराष्ट्राला खडी फोडणारे हात नवीन नाहीत. १९७२ च्या दुष्काळात लाखो शेतकरी-मजूर सरकारी कामांवर खडी फोडत होते आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा आला. पण अंगठा गेलेल्या माणसाची आवणी कशी होते, विळा कसा धरला जातो, याचा विचार त्या वेळीही फारसा झाला नाही. इजा होते खदानीत, पण तिची किंमत वर्षभर शेतात आणि घरातही मोजावी लागते.

जॅकहॅमर चालवणाऱ्याची इजा तर डोळ्यांना दिसतही नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारा हातोडा वापरणारे कारागीर तपासले. त्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होत होती. कंपनामुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, हे तेव्हापासून माहीत आहे. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडचा ड्रिलवाला हाताला मुंग्या येतात म्हणून बाम चोळून झोपतो.

मालकांकडून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आमची छोटी खदान, तिला खाण कायदा कशाला? कायद्यात सूट होती, हे खरे. इमारतीचा दगड, खडी, मुरूम काढणाऱ्या उघड्या खाणीला १९५२ च्या कायद्यातल्या बहुतेक तरतुदींतून मोकळीक होती, पण त्यासाठी तीन अटी एकदम पाळाव्या लागत. खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी ५० पेक्षा अधिक माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरलेली नसावीत. काळ्या बसाल्टच्या खदानीत सुरुंग लावला की तिसरी अट मोडली आणि सूट संपली. सर्वोच्च न्यायालयात हा मुद्दा फार पूर्वी येऊन गेला. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेले पत्र न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. १६ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने या दगडखाणी म्हणजे खाणीच आहेत असे धरले आणि प्रथमोपचार, औषधपाणी, इजेची भरपाई यांबाबत सरकारला आदेश दिले. या निकालाला चार दशके उलटून गेली आहेत.

मोठा अपघात झाला की यंत्रणा हलते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावरचा गर्डर लाँचर कोसळला आणि २० कामगार मेले. मुख्यमंत्री आले, पंतप्रधानांनीही मदत जाहीर केली, चौकशी झाली. हे व्हायलाच हवे होते. त्या मार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. अशा रस्त्यांखालची खडी फोडताना एकेका बोटाने, एकेका डोळ्याने जे नुकसान होते, त्याच्यासाठी कुणी येत नाही, कारण ते एका रात्रीत होत नाही.

आणि तरीही या नुकसानीचा दर कायद्याने ठरवून ठेवला आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असे धरलेले होते. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्के. महिना १०,००० रुपये मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या मजुराचा अंगठा गेला, तर हिशेब असा होतो: मजुरीचे ६० टक्के, त्याला वयाचा गुणांक २०७.९८ आणि त्याचे ३० टक्के. रक्कम येते ३,७४,३६४ रुपये. तर्जनीसाठी पावणेदोन लाखांच्या घरात. उपचाराचा खर्च वेगळा. काम ठेकेदारामार्फत असले तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. दावा अपघाताच्या ठिकाणी लावता येतो, तसाच कामगार राहतो तिथेही लावता येतो. लातूर-नांदेडकडून आलेल्या माणसाला याचा मोठा आधार आहे.

औषधाला दिलेले पाचशे रुपये आणि ही रक्कम यांच्यात जो फरक आहे, त्याला चोरी म्हणावे लागेल.

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रेसखाली बोट गेलेल्या कामगाराकडे निदान ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कार्ड असू शकते. खाण कायद्याखालच्या खाणींना जुन्या ईएसआय कायद्याने कारखान्याच्या व्याख्येतून वगळले होते. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूच्या कामगाराला विमा आणि दुसऱ्या बाजूच्या मजुराला चिंधी, अशी वाटणी पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला ईएसआय लागू होते आणि आस्थापनेच्या व्याख्येत खाणही आहे. भरपाईची टक्केवारीही या संहितेत आली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याचे बंधन दुसऱ्या संहितेने घातले आहे. या संहितांबद्दल कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. तरी खदानीतल्या मजुरासाठी ईएसआय आणि नियुक्तिपत्र या दोन गोष्टी आजच मागून घेण्यासारख्या आहेत. कागदावर नाव असल्याशिवाय पुढचा कोणताही दावा उभा राहत नाही.

मालक असेही सांगतात की चष्मे दिले तरी मजूर घालत नाहीत. यात तथ्य आहे. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने काच धुरकट होते, हलक्या चष्म्याने दिसत नाही आणि ब्रासची मजुरी घटते. मग बाजूने हवा खेळणारा चष्मा द्यावा, सावलीची जागा द्यावी आणि हत्यारांची देखभाल मजुरीच्या वेळात धरावी. देखरेखीची जबाबदारी मालकाची आहे. पायात जोडा आणि डोक्यावर हेल्मेट हवे, हे तर १९६१ च्या धातुखाण विनियमांपासून चालत आलेले आहे.

सरकारकडे यासाठी पैसा नाही, हेही पटत नाही. गौण खनिजाच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठीही रक्कम जमा होते. खाणकामाची झळ बसलेल्या माणसांसाठी आणि गावांसाठीच ती आहे आणि आरोग्य हा तिच्या प्राधान्याचा विषय आहे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात हात आणि डोळ्यांच्या जखमांसाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि साधने या पैशातून उभी करता येतील. जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि तहसीलदार परवान्याचे नूतनीकरण करताना ब्रासचा हिशेब काटेकोर बघतात. त्याच वेळी त्यांनी अपघातांची नोंदवही मागावी, आणि ती कोरी असेल तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवावे. सुरुंग लावणाऱ्या खदानीत सबंध हंगामात एकाही बोटाला लागले नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

या तालुक्यांत श्रमजीवी संघटना आणि श्रमिक मुक्ती संघटना यांनी वेठबिगारी, जंगलहक्क आणि मजुरी यांवर वर्षानुवर्षे लढे दिले आहेत. आश्रमशाळांचे शिक्षक, आशा कार्यकर्त्या, ग्रामसेवक या वस्त्यांवर जात असतात. वाकडे बोट किंवा पांढरा पडलेला डोळा दिसला, तर त्यांनी अपघाताची तारीख, खदानीचे ठिकाण आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची साक्ष एका कागदावर लिहून घ्यावी. दवाखान्याची चिठ्ठी त्याला जोडावी. भरपाईच्या दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. ज्यांना गेल्या दोन वर्षांत इजा झाली, त्यांचा दावा आजही दाखल होऊ शकतो.