जेलीफिश, तापी आणि न दिसणारं बालपण

मंडळी, भुसावळात बसून जेलीफिशवर कोण लिहितं, असं म्हणाल. समुद्र आपल्यापासून कोसो दूर. पण दीपनगरच्या चिमण्या रोज बघणाऱ्या गावाला हा विषय समजायला अवघड नाही.

१० ऑगस्ट २०२५ च्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फ्रान्समधल्या ग्राव्हलिन अणुवीज केंद्राचे चार संच आपोआप बंद पडले. घातपात नाही, संप नाही. थंड करायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपांच्या जाळ्यांत जेलीफिशचा लगदा अडकला होता. बाकीचे दोन संच आधीच दुरुस्तीसाठी बंद, म्हणजे अख्खं केंद्र ठप्प. २०१३ मध्ये स्वीडनच्या ऑस्कर्सहाम्नलाही एक संच असाच बंद करावा लागला होता.

आता सगळे विचारतात, एवढे जेलीफिश एकदम आले कुठून? खरं म्हणजे बऱ्याचदा ते एकदम येतच नाहीत. ते आधीपासून तिथं असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

छत्रीसारखा तरंगणारा जीव ही जेलीफिशची शेवटची अवस्था. अंड्यातून निघालेली बारीक अळी आधी तळाशी जाते आणि दगडाला, शिंपल्याला, जेट्टीच्या खांबाला, आजकाल प्लास्टिकलाही चिकटते. तिथं तिचा दोन-तीन मिलिमीटरचा, इवल्याशा फुलासारखा पॉलिप होतो. हा पॉलिप काही महिने, कधी वर्षानुवर्षं तिथंच राहतो आणि नर-मादीशिवाय स्वतःच्या नकला काढत जातो. योग्य वेळ आली की त्याच्या अंगाला आडवे काप पडतात, एकावर एक बशा रचल्यासारखे. एकेक बशी सुटते आणि तिचा जेलीफिश होतो.

ही योग्य वेळ ठरवतं पाणी. तापमान किती, खारेपणा किती, खायला किती. काही जातींना आधी थंडी लागते, काहींना पाणी तापलं की चालना मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू घटला की मासे मरतात किंवा पळतात, पण बऱ्याच जातींचे पॉलिप तग धरतात. स्पर्धक गेले, खाणारे गेले, मैदान मोकळं. शिवाय आपण किनाऱ्यावर काँक्रीट ओततो, म्हणजे चिकटायला जागाही आपणच देतो.

हे फक्त समुद्राचं नाही. आपल्या महाराष्ट्रात गोड्या पाण्यातला जेलीफिश आहे, हे किती जणांना माहीत आहे? मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना तो शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या नदीत सापडला. तोवर त्याचं कूळ फक्त आफ्रिकेतच आहे, असा समज होता. १९१२ च्या सुमारास ही गोष्ट जगभरच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचली. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. गोड्या पाण्यातल्या अशा जेलीफिशचा पॉलिपही तळाच्या दगडाला चिकटूनच जगतो. वरचा जीव काही आठवडे दिसतो, मग वर्षानुवर्षं दिसत नाही. तळाचा दगड शाबूत असेल तरच पुन्हा दिसायची आशा.

आता तापीकडं या. तापीत जेलीफिश आहे असं माझं म्हणणं नाही. भुसावळच्या गटारामुळे समुद्रात जेलीफिश वाढले असंही नाही. मधे उकाई आहे, काकरापार आहे, सुरत आहे. माझा मुद्दा साधा आहे. नदीचं भवितव्य तिच्या तळाशी, बारक्या जिवांच्या बालपणात ठरतं. माशांची अंडी, चतुराच्या अळ्या, शिंपले, सगळं त्या वाळू-गोट्यांत वाढतं. आणि आपण नेमकं तेच ट्रॅक्टर-डंपर भरून उचलतोय. उरलेल्या डोहात न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतोय. वर मे महिन्याचं पंचेचाळीसच्या पुढचं ऊन. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. मग एक दिवस मासे मरून वर येतात, फोटो व्हायरल होतात, पंचनामा होतो, आणि विषय संपतो.

कोणी म्हणेल, भाऊ, आधी नळाला पाणी कधी येईल ते सांग, मग किड्या-माशांचं बघू. रास्त आहे. पण नळाचं पाणी येतं कुठून? त्याच तापीतून. जी नदी माशाच्या पिल्लाला जगवू शकत नाही, तिचं पाणी प्यायच्या लायकीचं करायला जास्त खर्च येणार, आणि तो आपल्याच पट्टीतून जाणार.

म्हणून मागण्या तीनच. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नका, आणि केंद्र बांधलं एवढ्यावर थांबू नका, ते रोज चालतंय का ते दाखवा. वाळूचा लिलाव ठरवताना किती ब्रास निघेल एवढंच बघू नका, तळाशी काय जगतंय तेही तपासा. आणि पाण्याचं तापमान व प्राणवायू दर महिन्याला मोजून नगरपालिकेच्या फलकावर लावा. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. कॉलेजची विज्ञानाची पोरं आनंदानं मोजतील.

फ्रान्सवाल्यांना पंप अडकल्यावर जाग आली. आपल्याला निदान मासे वर यायच्या आधी यावी. नगरसेवक भेटले तर घोषणा राहू द्या, एवढंच विचारा: तापीचं पाणी शेवटचं कधी मोजलं, आणि आकडा काय आला?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.