तपासणी मोफत, पण दिवस मोफत नाही

कापड सुती की पॉलिएस्टर, हे ओळखायला आम्ही एक धागा ओढून जाळतो. कागद जळल्यासारखा वास येऊन राख उरली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ही पारख गादीवर बसल्या जागी होते, म्हणून प्रत्येक दुकानदार ती करतो. रक्त-लघवीची तपासणी मात्र तोच दुकानदार वर्षानुवर्षे टाळतो.

पैसे नाहीत, हे कारण आता पुरेसे नाही. महाराष्ट्रात २०१७ साली 'महालॅब' सेवा सुरू झाली. सरकारी दवाखान्यात नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, अशी तिची रीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले. त्र्यंबकेश्वरला ग्रामीण रुग्णालय आहे, तालुक्यात हरसूललाही आहे. तरी आमचा शिंपी, फेरीवाला तिकडे फिरकत नाही. का?

कारण तपासणी मोफत असली तरी दिवस मोफत नाही. उपाशीपोटी साखर पाहायची तर आठ तास पोटात अन्न नको, सकाळी रांग, अहवालासाठी दुसरी खेप. त्र्यंबकचे गिऱ्हाईक तर सकाळीच येते. नारायण नागबळीला नवे धोतर, नवी साडी पूजेआधीच लागते. नगावर काम करणारा कारागीर मशीन सोडून उठला की त्याची रोजी बुडते. मोठ्या तपासणीसाठी नाशिक गाठायचे तर दिवस गेलाच.

दुसरीकडे, खिसा भरलेला दिसला की तपासण्यांची यादी लांबते. रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेऊ नये, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. तरीही २०१७ साली बंगळूरला आयकर खात्याच्या छाप्यांत प्रयोगशाळांकडून डॉक्टरांना दिले जाणारे कमिशन उघड झाले. बाजारात दलाली असते, पण ती दोघांना ठाऊक असते. ही दलाली रुग्णाच्या खिशातून जाते आणि बिलात दिसत नाही. तेव्हा 'ही तपासणी कशासाठी?' हे डॉक्टरसाहेबांना अदबीने विचारण्यात गैर काही नाही.

अहवालावरची सहीही पाहावी. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. साखरेसाठी एचबीएवनसी नावाची तपासणी आहे. ती सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला उपाशी राहावे लागत नाही. मात्र रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवू शकतो. आदिवासी भागांत सिकलसेल अधिक आढळतो, आणि त्याच्या तपासणीसाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. म्हणून तेही डॉक्टरांना सांगावे.

आमचे म्हणणे एवढेच की, बाजार दवाखान्याकडे जात नसेल तर दवाखान्याने बाजाराकडे यावे. व्यापारी मंडळाने ग्रामीण रुग्णालयाकडे रीतसर अर्ज करावा: महिन्यातून एक दिवस, दुकाने उघडण्यापूर्वी, पेठेतच नमुने घ्यावेत आणि अहवालही तिथेच मिळावेत. जागा, खुर्च्या, पाणी यांची सोय आपण करू. आणि त्या सकाळी कारागीर तासभर उशिरा आला तर मालकाने त्याची मजुरी कापू नये. एका तासाचे हे नुकसान सोसायला आपला धंदा इतका लहान नाही.