उत्तर त्याच संदेशात असतं

उबुंटू टाकलेल्या रास्पबेरी पायवर 'इफकॉन्फिग' लिहिलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं. मुलं घाबरतात; कुणी तर मेमरी कार्डच पुसून टाकतं. बिघाड काहीच नसतो. ते अवजार सोबत आलेलं नसतं, इतकंच. उपाय त्याच संदेशात पुढे असतो: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल नेट-टूल्स'. इंटरनेट नसेल, तर 'आयपी ए' ही कमांड मुळातच असते.

सोलापूरच्या विणकरांनी जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून चादरीत नक्षी उतरवली. यंत्राला हुकूम देणं या शहराला नवं नाही. त्यांच्या नातवंडांना अडवते ती इंग्रजी, अक्कल नव्हे. मोहल्ल्यातल्या संगणक वर्गांनी बटणं पाठ करून घेण्याऐवजी असे संदेश मराठी-उर्दूत समजावून द्यावेत. ज्या उम्मतीला पहिला हुकूम 'इक्रा', म्हणजे 'वाच', असा मिळाला, तिच्या मुलांनी न वाचताच घाबरू नये.